देवात गेलेली पोरं

सांगवी, ता. १८ ऑगस्ट १९९७

दादा,

तीर्थस्वरूप लिहू का नको, ह्यावर बराच येळ पेन तोंडात धरून बसले. शेवटी नुसतं दादा लिहिलं. त्यात काय ते आलं. हे पत्र तू फाडणार, हे मला म्हाईत हाय. पण फाडायच्या आधी छकुलीला तरी वाचू दे. सहावीतल्या पोरीला आत्याचं अक्षर लागंल.

आधी मनातलं बोलून टाकते, मग कामाचं. माझी योगिनी तुझ्या विजयसिंहाला दिली न्हाय, ती न्हाय. भावकीसमोर तू सुपारीची गोष्ट काढलीस आन् मी सगळ्यांदेखत नको म्हणाले. तुझं तोंड उतरलं ते मला दिसलं, वाईट बी वाटलं. पण पोरीला नर्सिंगला जायचं होतं, ती गेली, आन् आज कुणी विचारलं तरी मी नकोच म्हणंन. तवापासनं तू भाऊबीजेला येत न्हाईस. दोन वरसं मी चंद्राला ओवाळते. चंद्र साडीचोळी आणत न्हाय, पण तो रुसून बी बसत न्हाय, येवढं बरं.

आता कामाचं. तुझा भाचा शंभूराज शुक्रवारी शाळेत पडला. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झालं, मग पळायच्या शर्यती. आमचा शंभू पुढं होता. रेघ ओलांडली, हसत हसत खाली बसला आन् तसाच आडवा झाला. पोरांना वाटलं सोंग करतोय. गुरुजींनी कांदा फोडून नाकाला लावला, पाणी मारलं, तवा कुठं डोळं उघडलं. सगळी म्हणाली ऊन लागलं, उपाशी होता. मला बी तेच वाटलं, कारण सकाळी नुसत्या चहावर गेला होता.

पण ह्यांना चैन पडंना. बारामतीला नेलं. डॉक्टरांनी नळी लावली आन् काय केलं असंल? पोराला म्हणाले उकिडवा बस. मग उभा राहा. परत बस, परत उभा राहा. शाळेत उठाबशा काढायला लावत्यात तसं. मी म्हणाले, पोरगं आजारी हाय का शिक्षेवर? डॉक्टर नळी तशीच धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, बसला की आतला आवाज कमी होतो आन् उभा राहिला की वाढतो. रक्ताची बाहेर पडायची वाट अरुंद झाली असावी. पुण्याला जा, आजच्या आज पळणं बंद.

दादा, माणसाला नुसतं उठवून-बसवून त्याच्या छातीच्या आतलं कळतं, हे मला नवीन हाय. अजून माझ्या डोक्यातनं जात न्हाय.

तू ये असं म्हणत न्हाय. मामा हायेस म्हणून कळवलं.

सारजा

*

सांगवी, ता. २ सप्टेंबर १९९७

दादा,

तुझं काय उत्तर आलं न्हाय. तुझ्या उत्तराची वाट बघत बसायला मला येळ बी न्हाय. हे पत्र मात्र विजयसिंह घरात असताना वाच.

पुण्याला जाऊन आलो. मोठ्या हॉस्पिटलात एक डॉक्टरबाई हायेत, बारीक चणीच्या, बोलणं मऊ. अंधाऱ्या खोलीत शंभूला कुशीवर निजवलं, छातीला गार गार चीक लावला आन् त्यावर एक यंत्र फिरवायला लागल्या. शेजारी टीव्हीसारखा पडदा होता. त्यात काहीतरी करडं करडं हलत होतं. मी विचारलं, हे काय? बाई म्हणाल्या, ‘हे तुमच्या मुलाचं हृदय.’

मी उठून उभी राहिले, दादा. आपण देवळात घंटा वाजली की उभं राहतो तशी. नऊ महिने ज्याला पोटात वागवला त्याचं काळीज माझ्यासमोर चाललं होतं. मी कणीक मळताना मूठ कशी मिटते-उघडते, तसं. मधी दोन बारीक दारं फडफडत होती. कुणी सांगितलेलं न्हाय, कुणी बघत न्हाय, तरी त्यांचं काम चालूच. मी जन्मात येवढं काय बघितलं न्हाय. पंढरीला कळस बघितला तवा सुद्धा असं झालं न्हाय.

मग बाईंनी बोट लावून दावलं. मधली भिंत जिथं एक बोट जाड असावी तिथं दोन बोटं हाय. मांस वाढलंय. पोरगं पळायला लागलं, जोर लावायला लागलं की कधीकधी काळजाचा ठेका बिघडतो, आन् एखाद्या येळी तो परत बसतच न्हाय. धट्टंकट्टं पोर उभ्या उभ्या जातं. आधी कळलं तर गोळ्या हायेत, जपणूक हाय. शंभूला रोज गोळी, पळणं-कुस्ती बंद, बाकी शाळा, शेत, हसणं-खिदळणं सगळं चालू.

आता खरं सांगायचं ते सांगते. बाईंनी विचारलं, ‘माहेरी किंवा सासरी कुणी तरुण वयात अचानक गेलंय का?’ मी छातीवर हात ठेवून म्हणाले, न्हाय, कुणी न्हाय. हे बी न्हाय म्हणाले. बाईंनी तसं लिहून घेतलं.

येताना एस.टी. जेजुरीवरनं आली. गड दिसला तसं सगळ्यांनी हात जोडले, मी बी जोडले. आपल्या आबांनी लहानपणी शिकवल्यापरमाणं देवांची नावं घेत होते. खंडोबा, बिरोबा, आन् मग घरचे वीर. म्हस्कूचं नाव ओठावर आलं आन् तितंच थांबलं.

तुझ्या पाठचा भाऊ, आपला म्हस्कू, दादा. एकोणीस वर्साचा, टेकाडावर पळताना पडला तो. त्याला आपण कधी ‘मेला’ म्हणालोच न्हाय. देवात गेला म्हणालो. सोनाराकडनं चांदीचा टाक करून आणला, घोड्यावरचा वीर, आन् देव्हाऱ्यात बसवला. बाईंनी मेलेली माणसं विचारली, मी देव कशाला सांगंन? मी खोटं बोलले न्हाय. पण खरं बी सांगितलं न्हाय.

दुसऱ्या खेपेला सगळं सांगितलं. देव्हारा, टाक, वीर. बाईंनी पेन खाली ठेवला आन् हळूच विचारलं, ‘असे वीर किती आहेत तुमच्या देवात?’

मला येईना सांगता. दर दसऱ्याला चिंच लावून मीच घासायचे, पण कोण कुठला हे आबा मनातल्या मनात म्हणायचे. मी लग्न होऊन सांगवीला आले आन् देव वरकुट्याला ऱ्हायले, थोरल्याकडं. ते तुझ्यापाशी हायेत. काढून बघ. कितीजण, आन् कसे गेले, येवढं कळव.

आन् विजयसिंह पोलिसात भरती व्हायला रोज पहाटे कॅनॉलच्या कडंनं पळतो, हे मला वरकुट्याच्या भिमाकडनं कळलंय. त्याला थांबव. हा आजार रक्तातनं उतरतोय. आई-बापापैकी एकाला असला की प्रत्येक लेकराला निम्मी भीती. बाईंनी ह्यांचं बी तपासलं, ते निर्मळ निघालं. पोराला आधी तपासून घे, मग खुशाल पळू दे.

सारजा

*

सांगवी, ता. २१ सप्टेंबर १९९७

दादा,

भिमा कारखान्यावर जाताना घरी येऊन गेला. तुझा निरोप सांगताना बिचारा पायाकडं बघत होता. तू म्हणालास म्हणं, ‘पोरगी का दिली न्हाय त्याचं कारण सारजीला आता घावलं. आमच्या देवांना रोग ठरवतीया.’

वा रं माझ्या भावा. मला कारण पायजेच होतं तर मी दोन वरसं कशाला थांबले असते? योगिनीला बी तपासलं, तिचं काळीज धडधाकट हाय. तरी मी ती तुला दिली नसतीच. आता हा विषय मिटला का? का अजून भिमाच्या हातनं काय धाडायचंय? त्याच्या पडलेल्या तोंडाकडं बघून मला भांडता बी येईना.

एक गोष्ट मी मागच्या पत्रात लिहिली न्हाय. ह्यांचं निर्मळ निघालं असं लिहिलं आन् पुढं गप ऱ्हायले. तुला कळलं असंल तर कळलं असंल. शंभूला हे माझ्याकडनं आलंय. माझ्या बी छातीत तसलीच भिंत हाय. मी त्या टेबलावर निजले आन् पडद्यावर स्वतःचं काळीज बघितलं. त्याच्यावर रुसावं का त्याला हात जोडावं, कळंना. येवढ्या जाड भिंतीशी झगडत त्यानं मला दोन लेकरं दिली, उसाच्या बांधावरनं भारं आणले, आन् कधी तक्रार न्हाय केली.

देवातले वीर आबांच्या घराण्यातले, तवा मला हे आबांकडनं आलं. म्हंजी म्हस्कूला बी आबांकडनंच. हे तुझ्यासाठी लिहितेय, दुसऱ्या कुणासाठी न्हाय. नीट वाच.

त्या दिवशी आपली मेंढरं ओढ्यापलीकडं होती. लांडग्यानं कोकरू उचललं. तू वरडलास, ‘पळ म्हस्कू, तूच गाठशील.’ आन् तो पळाला. घोंगडं खांद्यावरनं उडत होतं, तो हसत होता, मी खालनं बघत होते. टेकाडाच्या माथ्यावर कोकरू सोडवलं आन् तितंच कोसळला. लोक म्हणाले बिरोबानं लांडग्याच्या रूपानं येऊन नेला. वरसाच्या आत तू सगळी मेंढरं विकलीस आन् म्हणालास, आता ऊस करायचा. आबांना वाटलं थोरल्याला शहाणपण आलं. मला म्हाईत होतं. तू परत त्या टेकाडावर चढला न्हाईस, त्याच्याकडं तोंड करून जेवला सुद्धा न्हाईस.

तू मारलं न्हाईस, दादा. ऐकतोयस ना? तुझ्या हाकेनं तो गेला न्हाय. त्याच्या छातीत जन्मापासनं ती भिंत वाढत होती. त्या दिवशी न्हाय तर कुस्तीत, कुस्तीत न्हाय तर पवताना. तवा कुणालाच म्हाईत नव्हतं, तुला कुठनं म्हाईत असणार? पण आता तुला म्हाईत हाय. आता विजयसिंह पहाटे कॅनॉलवर पळतोय आन् तुला म्हाईत हाय. हे म्हाईत असणं मी तुझ्या गळ्यात बांधलंय, त्याबद्दल मला शिव्या दे, पण पोराला थांबव.

सारजा

*

सांगवी, ता. ६ ऑक्टोबर १९९७

दादा,

छकुलीचं कार्ड आलं. तू लिहिलं न्हाईस, तिला लिहायला बसवलंस. चालंल. पोरगी लिहिते, ‘आत्या, आप्पांनी तुमचं पत्र मला परत परत वाचायला लावलं. मग ते गोठ्यामागं जाऊन बसले. आईने जेवायला बोलावलं तरी आले नाहीत. घट बसायच्या आधी देव धुतले तेव्हा आप्पांनी एकेक वीर तळहातावर घेऊन आम्हाला कोण ते सांगितलं. एक विहिरीत पोहताना गेले. एक कुस्ती जिंकून हौद्यातच बसले ते उठले नाहीत. एक भावाच्या वरातीत नाचताना. एक मोटेचे बैल धरायला पळताना. आणि म्हस्कूकाका. पाच आहेत. विजयदादा आता पळायला जात नाही, तो चिडलाय. आप्पा दसरा झाल्यावर त्याला घेऊन येणार.’

मी कार्ड वाचलं आन् देवापुढं जाऊन बसले. पाच. चांदीचे पाच घोडेस्वार, पिढ्यान् पिढ्या आपण त्यांना हळद वाहतोय, नैवेद्य दावतोय, आन् ते एकच गोष्ट सांगत बसलेत. आमी ह्यानं गेलो, पोरांना जपा. आपण हात जोडले पण ऐकलं न्हाय. मला देवांचा राग आला न्हाय, उलट माया आली. केवढी वाट बघितली त्यांनी.

पण दादा, पाच न्हाईत. सहा हायेत.

नकोशी आत्या आठवते का? आबांची धाकटी बहीण. मी तिला बघितलं न्हाय, आईनं सांगितलेलं. पंचमीला झाडाखाली फुगडी खेळताना पडली, ती पडलीच. आज छकुली हाय तेवढीच होती. तिचा टाक न्हाय. पोरीचा टाक कोण करतंय? नाव सुद्धा नको म्हणून ठेवलेलं. ती देवात गेली न्हाय, म्हणून ती मोजण्यात बी आली न्हाय.

डॉक्टरबाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, हा आजार मुलगा-मुलगी बघत नाही. तो भेद आपण करतो. तवा ऐक. विजयसिंहाला आण, तो तालमीतला गडी हाय, त्याची काळजी सगळ्या गावाला हाय. पण छकुलीला बी आण. आन् तू स्वतः बी त्या टेबलावर निजायचंस. पुण्याला जाताना माझ्या घरावरनं या. भाकरी मी बांधून घेते.

सारजा

*

सांगवी, ता. २४ नोव्हेंबर १९९७

प्रिय दादा,

तुमी सगळी सुखरूप पोचल्याचं भिमानं सांगितलं. गावात एस.टी.डी.चा बूथ झालाय, पण काचेच्या खोक्यात उभं राहून, मागं माणसं ताटकळत असताना, मला हे बोलता आलं नसतं. म्हणून लिहिते.

तुला वाटंल, मी तितंच होतो, मला काय सांगतीस. पण तू तितं असून नव्हतास. छकुलीला टेबलावर घेतलं तवा तू भिंतीकडं तोंड करून, मान खाली घालून उभा होतास. तू बघितलं न्हाईस. म्हणून तुला सांगायला पायजे.

विजयसिंहाचं आधी झालं. त्याचं निर्मळ निघालं. बाई म्हणाल्या, काही वर्षांनी परत दाखवा, आत्ता पळायला हरकत नाही. तो गडी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडला, ते तुला दिसलं न्हाय, मला दिसलं. मग तुझं. बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं आन् तुझी बी भिंत जाड असल्याचं दावलं. तू नुसतं विचारलंस, ‘म्हस्कूचं असंच होतं का?’ बाई म्हणाल्या, ‘बघितल्याशिवाय सांगता येत नाही. पण बहुतेक असंच.’ तवा तुझ्या तोंडावर जे आलं ते मी बघून घेतलं, दादा. बावीस वर्सांनी बघितलं. मला दुसरं काय नको.

आन् मग छकुली. तू मान फिरवलीस. तिचं काळीज केवढंसं, चिमणीयेवढं, पण काय पळत होतं. दोन्ही दारं अशी घाईघाईनं उघडमीट करत होती, सकाळी शाळेला उशीर झाल्यागत. ती माझा हात धरून पडद्याकडं बघत होती. म्हणाली, आत्या, हे मी हाय? मी म्हणाले, व्हय, तूच. तर ती हसली, आन् ती हसली तसं पडद्यावरलं काळीज बी जोरात चाललं. माझ्या डोळ्यासमोर, दादा. हसू छातीत कुठं उमटतं ते मी बघितलं. तुझ्या लेकीचं हसू. त्याच वक्ताला बाई बोलल्या, हिच्या भिंतीची जाडी जास्त आहे.

पोरगी विहिरीत उड्या मारती, पंचमीला अख्ख्या आळीत तिच्याइतकी जोरात फुगडी कुणी घालत न्हाय. आपण तिला घरी ठेवून, नुसता पोरगा घेऊन आलो असतो आन् निर्मळ निघाला म्हणून पेढं वाटत गेलो असतो.

बाहेर बाकावर तिनं तुला विचारलं, ‘आप्पा, मी बी टाक होणार का?’ तू तिला जवळ घेतलंस आन् म्हणालास, ‘पोरीचा टाक होत न्हाय, बाळा. तुला म्हातारी व्हायचंय.’ येवढंच बोललास आन् पटक्यात तोंड लपवलंस. येणारी-जाणारी माणसं थांबून बघत होती. मी त्यांना म्हणाले, काय न्हाय, जावा पुढं, भाऊ हाय माझा.

आता नीट ध्यानात ठेव. छकुलीची गोळी कधीच चुकवायची न्हाय, आन् बरं वाटतंय म्हणून मनानं बंद तर अजिबात न्हाय. पोहणं, पळणं, फुगडी बंद. ती रुसंल, रुसू दे. रुसणं तुमच्या घराण्यात हायेच. झोका खेळू दे, हळू. गाणी म्हणू दे. शाळेत गुरुजींना तू स्वतः जाऊन सांग, वहिनीवर सोडू नकोस. चक्कर आली, छाती धडधडली तर कांदा फोडत बसायचं न्हाय, गाडी काढायची. भावकीत आबांच्या रक्ताची जेवढी पोरं-पोरी हायेत त्या सगळ्यांना तू सांग. तुझं ऐकतील, तू थोरला हायेस. माझं कुणी ऐकणार न्हाय, मी पोरगी न दिलेली बाई.

पुढल्या दसऱ्याला टाक घासायला मी येणार हाय, बोलाव न्हायतर नको बोलावू. पाच वीर विड्याच्या पाच पानांवर बसतात ना? त्यांच्या शेजारी एक सहावं पान मांडायचं, रिकामं, नकोशीचं. आन् त्याच्यापुढं सातवं कधी मांडायचं न्हाय.

भाऊबीजेला तू दारात उभा राहिलास तवा मी तबक घेऊन आले, तर ज्योत हातात थरथरत होती. तू म्हणालास, वारा हाय. दादा, वारा नव्हता.

सकाळी न्याहारी झाली की मी आन् शंभू ओट्यावर बसून गोळी घेतो. तू आन् छकुलीनं बी तितं तवाच घ्यायची. पाण्याचा तांब्या आधी पोरीच्या हातात दे.

तुझी,
सारजा